रक्तात उत्तर सापडेल का? उंचीवर फुफ्फुसांत भरणाऱ्या पाण्याची गोष्ट

मागच्या महिन्यात एक आई आपल्या सव्वीस वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आल्या. मुलगा काटक, दर रविवारी सिंहगड चढणारा, सिगारेट नाही, दमा नाही. दोन वर्षांपूर्वी तो मित्रांबरोबर विमानाने लेहला गेला होता. दुसऱ्याच दिवशी सगळे गाडीने खारदुंग ला करून आले. तिसऱ्या रात्री त्याला आडवं पडलं की धाप लागू लागली, कोरडा खोकला सुरू झाला आणि पहाटेपर्यंत छातीतून घरघर ऐकू येऊ लागली. मित्र शहाणे निघाले. ‘थकला असेल, झोपू दे’ म्हणत न बसता त्यांनी त्याला थेट हॉस्पिटलात नेलं. ऑक्सिजन लावला आणि दोन दिवसांत तो चालू-बोलू लागला.

आता त्याच मित्रांचा एव्हरेस्ट बेस कॅम्पचा बेत ठरलाय. आई म्हणाल्या, “डॉक्टर, नको जाऊस म्हटलं तर ऐकत नाही. तुम्ही एक रक्ताची तपासणी लिहून द्या. त्यात काही आलं तर घरी राहील, नाही आलं तर जाऊ दे बापडा.”

मागणी अगदी रास्त होती. आम्ही डॉक्टरांनीच लोकांना ही सवय लावली आहे. ताप आला की डेंग्यूची तपासणी, छातीत दुखलं की ट्रोपोनिन. कोविडच्या काळात तर सीआरपी, डी-डायमर, आयएल-६ ही नावं घराघरांत पोचली. मग उंचीवर फुफ्फुसांत पाणी होणार की नाही, हे सांगणारं काहीतरी रक्तात असणारच, असं कुणालाही वाटेल.

तशी तपासणी आज तरी नाही. शोध मात्र बरीच दशकं चालू आहे आणि त्यात आपल्या देशातल्या संशोधकांचा वाटा मोठा आहे. ती अजून का सापडली नाही, हे या आजाराचा इतिहास पाहिला की बऱ्यापैकी समजतं. म्हणून आज थोडा इतिहास.

आधी आजाराबद्दल. याचं वैद्यकीय नाव हाय अल्टिट्यूड पल्मनरी इडिमा. आपल्या लष्करात ‘हापो’ म्हणतात, कारण ब्रिटिश पद्धतीत इडिमाचं स्पेलिंग ‘ओ’पासून सुरू होतं. मराठीत आपण ‘छातीत पाणी झालं’ म्हणतो ते बहुतेक वेळा फुफ्फुसाच्या बाहेर, आवरणात साठलेलं पाणी असतं, आणि ते सुईने काढता येतं. हापोमधलं पाणी फुफ्फुसाच्या आत, जिथे हवा असायला हवी त्या इवल्याशा पिशव्यांत भरतं. ते सुईने काढता येत नाही. बहुतेकदा साधारण अडीच हजार मीटरच्या वर, नव्या उंचीवर पोचल्यानंतर दोन ते चार दिवसांत हा त्रास होतो, आणि रात्री वाढतो. ऑक्सिजनही मिळाला नाही आणि खालीही आणता आलं नाही, तर निम्म्याच्या आसपास रुग्ण दगावू शकतात. वेळेत खाली आणलं तर तोच रुग्ण दोन-तीन दिवसांत हिंडू-फिरू लागतो. इतका जीवघेणा आणि तरीही इतका सहज बरा होणारा आजार दुसरा पटकन आठवत नाही.

याची पहिली नीट नोंद झालेली घटना १८९१ सालची आहे. युरोपातल्या माँ ब्लाँ पर्वताच्या शिखरावर वेधशाळा बांधता येईल का, हे पाहण्यासाठी बर्फात बोगदा खणणारी एक तुकडी तिथे काम करत होती. तिच्याबरोबर जॅकोते नावाचा तरुण डॉक्टर होता. शिखराखाली सुमारे ४,३५० मीटरवर जोसेफ व्हॅलो या शास्त्रज्ञाने बांधलेल्या निवाऱ्यात तो राहिला. त्याची तब्येत बिघडली तेव्हा त्याने खाली उतरायला नकार दिला. उंचीचा शरीरावर काय परिणाम होतो, ते स्वतःवरच पाहता येईल, असा त्याचा विचार होता. तिथेच त्याचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात फुफ्फुसांत पाणी भरलेलं आढळलं. इटलीतल्या ट्युरिनचे शरीरशास्त्रज्ञ अँजेलो मोसो यांनी आपल्या पुस्तकात ही हकीकत नोंदवून ठेवली. पण त्या वेळी तिचा अर्थ ‘न्यूमोनियासारखं काहीतरी’ असाच लावला गेला. हा स्वतंत्र आजार असेल, हे कुणाच्या मनात आलं नाही.

मनात आलं ते २२ वर्षांनी, चिलीतल्या एका खाणीवर. थॉमस रॅव्हनहिल हा इंग्लिश डॉक्टर तिथे साडेचार हजार मीटरहून अधिक उंचीवर नोकरीला होता. खाणीपर्यंत रेल्वे होती. त्यामुळे लोक समुद्रकिनाऱ्यावरून निघून बसल्या जागी एवढ्या उंचीवर पोचत. चढण्याचे श्रम नाहीत, उपासमार नाही. म्हणजे जो त्रास होई तो निव्वळ उंचीचाच. १९१३ साली त्याने लिहिलेल्या लेखात या त्रासाचे तीन प्रकार सांगितले: साधा, हृदयाची लक्षणं असलेला आणि मज्जासंस्थेची लक्षणं असलेला. आज आपण उंचीच्या आजाराचे जे तीन प्रकार मानतो, ते जवळजवळ हेच. त्यातला दुसरा म्हणजे हापो. पुढे महायुद्ध आलं, रॅव्हनहिलने वैद्यकी सोडली, तो पुरातत्त्व आणि चित्रकलेकडे वळला आणि त्याचा लेख कित्येक दशकं धूळ खात पडला.

पेरूमधल्या डॉक्टरांना मात्र हा आजार रोजच्या ओळखीचा होता. अँडीज पर्वतातल्या ला ओरोया या खाणगावात, सुमारे ३,७०० मीटरवर, आयुष्य काढलेली माणसं काही दिवस खाली लिमाला जाऊन परत आली की आजारी पडत. अल्बर्टो हुर्तादो यांनी १९३७ मध्ये आणि लिझारागा यांनी १९५५ मध्ये याविषयी स्पॅनिशमध्ये लिहिलं. इंग्रजी वाचणाऱ्या जगाने ते वाचलं नाही. (प्रादेशिक भाषेत लिहिणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टरला या गोष्टीचं जरा जास्तच वाईट वाटतं, हे कबूल करतो.)

मग १९६० साल उजाडलं. अमेरिकेतल्या ॲस्पेन गावचे डॉक्टर चार्ल्स ह्यूस्टन यांनी एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात दोन-तीन पानांचा लेख लिहिला. डोंगरात स्कीइंगला गेलेला एक धडधाकट तरुण विद्यार्थी धापा टाकत त्यांच्याकडे आणला गेला होता. फुफ्फुसांत पाणी होतं, पण हृदय ठीक होतं, जंतुसंसर्ग नव्हता, आणि थोड्याच दिवसांत तो पूर्ण बरा झाला. ह्यूस्टन स्वतः के-टू शिखराच्या दोन मोहिमांचे नेते. डोंगरात धडधाकट माणसं ‘न्यूमोनिया’ने पटापट मरतात, या जुन्या गोष्टीमागे न्यूमोनिया नसून हेच असावं, हे त्यांच्यामुळे जगाच्या ध्यानात आलं. हेच ह्यूस्टन पुढे १९६२ पासून काही वर्षं अमेरिकेच्या पीस कोअरचे भारतातले पहिले प्रमुख म्हणून आपल्याकडे राहून गेले.

पण हृदय खरंच ठीक होतं का? फुफ्फुसांत पाणी भरलं की डॉक्टरांच्या मनात पहिला संशय हृदयावरच जातो. हृदयाची डावी बाजू कमकुवत झाली की मागे रक्त तुंबतं आणि पाणी झिरपतं. याचा निकाल लावायचा तर हृदयात नळी घालून दाब मोजायला हवा. हर्बर्ट हल्टग्रेन आणि सहकाऱ्यांनी पेरूमध्ये ते काम केलं आणि १९६४ मध्ये निष्कर्ष मांडले. फुफ्फुसाच्या धमनीतला दाब प्रचंड वाढलेला होता, पण डाव्या बाजूचा दाब सामान्य. म्हणजे बिघाड हृदयात नाही, फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांत आहे.

त्याच सुमारास हा प्रश्न भारतासाठी पुस्तकी राहिला नव्हता. १९६२ च्या चीन युद्धात मैदानी मुलखातले हजारो जवान थेट लडाखच्या आणि ईशान्येच्या उंचीवर नेले गेले, बरेचसे विमानाने. आजच्या पर्यटकाला दोन तासांत लेहला पोचण्याचं जे कौतुक वाटतं, ते त्या जवानांच्या जिवावर बेतलं. लष्करी वैद्यकीय सेवेतले इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हापोवर लेख लिहिला. १९६९ मध्ये त्यांनी तब्बल १,९२५ जवानांच्या उंचीच्या आजारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मेनन यांनी लेहमधल्या शंभरेक रुग्णांचं वर्णन लिहिलं. दिल्लीच्या एम्समधले सुजॉय रॉय आणि त्यांच्या गटाने जवानांच्या हृदयातले दाब मोजले आणि पेरूतला निष्कर्ष इथेही खरा ठरला. या आजाराबद्दल जगाला जे काही कळलं आहे, त्याचा मोठा भाग या जवानांच्या केसपेपरांतून आला आहे.

त्यातून एक साधी, रुक्ष आणि आजवर सगळ्यात उपयोगी ठरलेली गोष्ट निघाली: वेळापत्रक. लष्करात आजही नऊ ते बारा हजार फुटांवर सहा दिवस, पुढे पंधरा हजारांपर्यंत चार दिवस आणि त्याच्या वर जाण्याआधी आणखी चार दिवस, असं टप्प्याटप्प्याने जावं लागतं. सहातले पहिले दोन दिवस नुसते आराम. जवान कितीही तगडा असला तरी त्यातून सुटका नाही. सुट्टीवर घरी जाऊन आलेल्यालाही पुन्हा काही दिवस काढावे लागतात, कारण ला ओरोयाच्या खाणकामगारांना जे झालं ते त्यालाही होऊ शकतं.

(सगळंच बरोबर निघालं असं नाही. तेव्हा लघवी वाढवून पाणी काढणारं औषध हापोवर दिलं जाई. आज ते देत नाहीत. या रुग्णाच्या अंगात पाणी जास्त झालेलं नसतं, ते चुकीच्या जागी गेलेलं असतं. उलट अंगातलं पाणी आधीच कमी झालेलं असेल तर अशा औषधाने रक्तदाब घसरू शकतो.)

आता, रक्तवाहिन्यांतला दाब का वाढतो? याचं उत्तर १९४६ मध्येच स्वीडनमध्ये फॉन ऑयलर आणि लिलियेस्ट्रांड यांनी मांजरांवरच्या प्रयोगांत शोधलं होतं. फुफ्फुसाच्या ज्या भागात ऑक्सिजन कमी, तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात. ही एरवी चांगली सोय आहे. न्यूमोनियाने एक कोपरा निकामी झाला तर तिकडचा रक्तपुरवठा कमी होऊन रक्त चांगल्या भागाकडे वळतं. पण उंचीवर सगळ्याच फुफ्फुसात ऑक्सिजन कमी. मग सगळीकडच्याच वाहिन्या आकसतात, आणि त्याही सारख्या नाही, काही जास्त, काही कमी. चाळीत पाणी यायच्या वेळी बाकीचे नळ बंद असले की एखाद्या नळाला किती जोर येतो, आठवतं? तसंच इथे होतं. जिथे वाहिन्या कमी आकसल्या, तिथे सगळं रक्त जोराने घुसतं. फुफ्फुसातल्या केशवाहिनीची भिंत आपल्या केसाच्या शंभराव्या भागाहूनही पातळ असते. ती त्या दाबाने गळू लागते, कधी फाटते. जॉन वेस्ट यांनी १९९१ च्या सुमारास प्राण्यांच्या फुफ्फुसांत दाब वाढवून अशा फाटलेल्या भिंती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवल्या.

हे एवढं सविस्तर सांगण्याचं कारण म्हणजे रक्तात ‘मार्कर’ शोधणाऱ्यांची सगळी अडचण इथून सुरू होते.

मार्कर म्हणजे खूण. हृदयविकाराच्या झटक्यात हृदयाचे स्नायू मरतात आणि त्यांच्यातलं ट्रोपोनिन रक्तात सांडतं. ते फक्त हृदयाच्या स्नायूचंच असतं, म्हणून ती खूण पक्की. हापोत असं काय सांडतं?

पहिला उमेदवार होता रक्त गोठण्याची प्रक्रिया. साठच्या दशकात मृत जवानांच्या फुफ्फुसांत बारीक वाहिन्यांमध्ये गुठळ्या दिसल्या होत्या. त्यामुळे गुठळ्या हेच आजाराचं मूळ असावं, आणि रक्तातल्या गोठण्याच्या खुणा मोजून आजार आधीच पकडता यावा, असं वाटणं स्वाभाविक होतं. ते तपासायला एक अफलातून प्रयोगशाळा उपलब्ध होती. स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवर मोंटे रोझा पर्वतात, सुमारे ४,५५० मीटरवर, मार्गेरिटा हट नावाचं गिर्यारोहकांचं निवासस्थान आहे. १८९३ मध्ये इटलीची राणी मार्गेरिटा स्वतः तिथे गेली होती. मोसो यांनीही तिथे प्रयोग केले. १९८० मध्ये ते नव्याने बांधलं गेलं आणि त्यानंतर पीटर बेर्च, ओस्वाल्ड ओल्झ, मार्को माज्जोरिनी ही मंडळी स्वयंसेवक गिर्यारोहकांना वर नेऊन त्यांचं रक्त, दाब, श्वास सगळं तपासू लागली. मृत्यूनंतर नव्हे, तर आजार होण्याआधीपासून तो होईपर्यंत, तासातासाला. बेर्च यांच्या गटाला १९८९ मध्ये दिसलं ते असं: रक्त गोठत असल्याची खूण हापो पुढे गेल्यावर दिसते, सुरुवातीला नाही. म्हणजे गुठळ्या हा परिणाम होता. घर जळल्यानंतरची राख मोजून आग लागणार की नाही हे सांगता येत नाही.

दुसरा उमेदवार दाह, म्हणजे इन्फ्लमेशन. अलास्कातल्या देनाली पर्वतावर रॉबर्ट शीन आणि पीटर हॅकेट यांच्या गटाने चार हजार मीटरहून उंच असलेल्या तळावर, हापो झालेल्या गिर्यारोहकांच्या फुफ्फुसांत दुर्बीण घालून तिथलं पाणी काढलं आणि १९८६ मध्ये त्याचं विश्लेषण प्रसिद्ध केलं. बर्फात, तंबूत, धापा टाकणाऱ्या माणसाची ब्रॉन्कोस्कोपी करायची, हा विचारच मला आमच्या वातानुकूलित खोलीत बसून अशक्य वाटतो! त्या पाण्यात प्रथिनं भरपूर होती आणि दाह निर्माण करणारी रसायनंही होती. पुढे जपानमध्येही असंच आढळलं. झालं, आयएल-६ आणि सीआरपी यांच्यावर आशा बसली.

ती आशा पुन्हा मार्गेरिटा हटमध्येच मावळली. एरिक स्वेन्सन, माज्जोरिनी आणि सहकाऱ्यांनी आधी हापो होऊन गेलेल्या लोकांना तिथे नेलं आणि पहिल्या दिवसभरातच, आजार नुकताच उमटत असताना, त्यांच्या फुफ्फुसांतला नमुना घेतला. त्यात प्रथिनं होती, लाल रक्तपेशीही होत्या, म्हणजे भिंत गळत होती. दाहाच्या खुणा मात्र वाढलेल्या नव्हत्या. २००२ मध्ये हे प्रसिद्ध झालं. देनालीवरचे रुग्ण दोन-तीन दिवस आजारी होते, म्हणून त्यांच्यात दाह दिसला. तोही परिणामच. शिवाय सीआरपी आणि आयएल-६ न्यूमोनियातही वाढतात, आणि लेहच्या डॉक्टरला खरा प्रश्न पडतो तो ‘हा हापो की न्यूमोनिया?’ हाच. तिथे दोन्हींत वाढणारी खूण काय कामाची?

(२०२० मध्ये ‘कोविडमध्येही फुफ्फुसं हापोसारखीच होतात’ असा संदेश बराच फिरला होता. ऑक्सिजन कमी असूनही रुग्ण फोनवर गप्पा मारतो, एवढं साम्य होतं खरं. पण कोविडमध्ये मुळाशी विषाणू आणि दाह, हापोमध्ये दाब. औषधंही वेगळी.)

मग संशोधक आजाराच्या मुळाकडे, रक्तवाहिन्या आकसण्याकडे वळले. वाहिन्या सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड वायू आणि आवळणारं एंडोथेलिन, या जोडीकडे. ज्यांना हापो होतो त्यांच्या उच्छ्वासात उंचीवर नायट्रिक ऑक्साइड कमी आणि रक्तात एंडोथेलिन जास्त, असं १९९९ ते २००१ च्या दरम्यान स्विस आणि जर्मन गटांना दिसलं. हे खऱ्या अर्थाने मुळाशी जाणारं निरीक्षण होतं. पण दोन गटांच्या सरासरीत फरक असणं वेगळं आणि तुमचा एकट्याचा आकडा पाहून ‘तुम्ही जाऊ नका’ सांगणं वेगळं. दोन्ही गटांतले बरेच आकडे एकमेकांत मिसळलेले असतात. शिवाय उंचीवर गेल्यावर ज्याला काहीच होत नाही, त्याचंही एंडोथेलिन वाढतंच.

जनुकांचीही हीच कथा. जपानमध्ये २००२ मध्ये नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या जनुकातले काही फरक हापो झालेल्यांत जास्त दिसले. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेतल्या कादर पाशा यांच्या गटाने लेहच्या डॉक्टरांबरोबर लडाखी रहिवासी आणि मैदानी लोक यांच्यात याच जनुकाचा अभ्यास केला आणि त्यांनाही संबंध दिसला. युरोपातल्या एका गटाने २००३ मध्ये शोधलं तर त्यांना काहीच सापडलं नाही. यात कुणी चुकलं असं नाही. एक जनुक हा आजार ठरवत नाही, आणि वेगवेगळ्या समाजांत जनुकांची सरमिसळ वेगळी असते.

दिल्लीचीच डिपास ही संरक्षण संशोधन संस्था गेली कित्येक वर्षं रक्तातली शेकडो प्रथिनं एकाच वेळी तपासून हापोची खूण शोधते आहे. २०११ मध्ये त्यांनी हॅप्टोग्लोबिन आणि ॲपोलिपोप्रोटीन ए-वन ही दोन प्रथिनं सुचवली. पहिलं प्रथिन फुटलेल्या लाल पेशींतलं हिमोग्लोबिन गोळा करतं, दुसरं चांगल्या कोलेस्टेरॉलचा भाग आहे. हे काम महत्त्वाचं आहे, कारण सियाचेनमध्ये १९८४ पासून आपले जवान बारमाही उभे आहेत. पण तुमच्या गल्लीतल्या लॅबमध्ये ही तपासणी हापोसाठी का मिळत नाही, तर ही प्रथिनं इतरही बऱ्याच आजारांत वर-खाली होतात. आणि दुसरी अडचण अगदी व्यवहारातली. हापोचा रुग्ण आला की आधी ऑक्सिजन लावायचा, खाली न्यायचं. संशोधनासाठी रक्त काढेपर्यंत त्याच्या शरीरात बरंच काही बदललेलं असतं. ते लांबवणं कुठल्याही डॉक्टरला पटणार नाही, पटूही नये.

आणखी एक हिशेब सांगतो, कारण तो बऱ्याच तपासण्यांना लागू पडतो. समजा उद्या एक उत्तम तपासणी निघाली. आजार होणाऱ्या शंभरातल्या नव्वदांना ती पकडते आणि न होणाऱ्या शंभरातल्या नव्वदांना ‘ठीक’ म्हणते. आता लेहला निघालेल्या १,००० पर्यटकांपैकी समजा १० जणांना हापो होणार आहे. तपासणी त्यातल्या ९ जणांना पकडेल. पण उरलेल्या ९९० निरोगी लोकांपैकी ९९ जणांनाही ती ‘धोका आहे’ म्हणेल. म्हणजे १०८ लोकांची सहल रद्द, त्यातल्या ९ जणांचीच खरी गरज. आणि तो दहावा, ज्याचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला, तो छाती घरघरायला लागली तरी म्हणेल, ‘मला कसा होईल, मी तर टेस्ट केली आहे.’ मला खरी भीती त्या दहाव्याची वाटते.

१९९१ मध्ये कॅनडातल्या लेक लुईस येथे तज्ज्ञांनी हापोची व्याख्या ठरवली. त्यात रक्ताचा एक थेंबही नाही. उंचीवर गेल्यावर बसल्या जागी धाप, खोकला, अशक्तपणा किंवा चालण्याची ताकद एकदम कमी होणं, छातीत जखडल्यासारखं वाटणं, यांपैकी किमान दोन गोष्टी. आणि तपासताना छातीत बुडबुड किंवा शिट्टीसारखा आवाज, ओठ निळसर, श्वास जलद, नाडी जलद, यांपैकी किमान दोन. बस्स. आज त्याला ऑक्सिमीटरची आणि जिथे सोय आहे तिथे सोनोग्राफीची जोड मिळते. २००७ मध्ये नेपाळमधल्या फेरिचे इथल्या मदतकेंद्रात छातीच्या सोनोग्राफीने फुफ्फुसातलं पाणी दिसतं, हे दाखवलं गेलं.

तर, त्या आईंना मी काय सांगितलं?

त्यांच्या मुलाची खूण रक्तात नाही, त्याच्या जुन्या केसपेपरात आहे. बेर्च यांनी १९९१ मध्ये, आधी हापो होऊन गेलेल्या २१ गिर्यारोहकांना झपाट्याने मार्गेरिटा हटवर नेलं. ज्या ११ जणांना खोटी गोळी दिली, त्यातल्या ७ जणांना हापो पुन्हा झाला. ज्या १० जणांना फुफ्फुसाच्या वाहिन्यांचा दाब कमी करणारं निफेडिपिन दिलं, त्यातल्या एकालाच झाला. एवढं सांगणारी रक्ततपासणी जगात नाही. म्हणून अशा व्यक्तीने पुन्हा उंचीवर जायचंच असेल तर निफेडिपिन घ्यायचं का, किती, कधीपासून, हे आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. ही गोळी मित्राच्या सांगण्यावरून घेण्यासारखी नाही.

एक तपासणी मात्र मी लिहून दिली, हृदयाची टू-डी इको. हापो होऊन गेलेल्या काही थोड्या लोकांत फुफ्फुसाची एक धमनी जन्मतःच नसते किंवा हृदयात काही दोष असतो. १९८० मध्ये हॅकेट यांनी उजवी धमनी नसलेल्या चार जणांची नोंद केली होती. या मुलाचा इको व्यवस्थित आला.

मग कार्यक्रमाचा कागद मागवला. बारा दिवसांत सगळं उरकायचं होतं. तीन हजार मीटरच्या वर रोज झोपायची जागा ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबायचं, हा नियम लावून आम्ही तिघांनी पेन घेऊन तो कागद पुन्हा लिहिला. आईंनी सगळ्यात जास्त खाडाखोड केली. शेवटी मी मुलाला म्हटलं, ज्या मित्रांनी मागच्या वेळी हॉस्पिटलात नेलं, त्यांनाच तंबूत शेजारी घे. बसल्या जागी धाप लागली तर सकाळची वाट न पाहता त्याच वेळी खाली आणायचं, आणि हे तू आजारी पडल्यावर ठरवायचं नाहीस, ते ठरवतील.

बारा दिवसांचे सोळा झाले. आयोजकांनी जादा दिवसांचे पैसे मागितले आहेत, ते आई भरणार आहेत.